तारीख तेवढी सांगा : बास्केटबॉल चालवणाऱ्यांना एका खेळाडूचं खुलं पत्र

प्रति,
देशातलं आणि राज्यातलं बास्केटबॉल चालवणारे पदाधिकारी, लीगचे आयोजक आणि संघमालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी रात्री पावणेअकराला आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. ‘काही अपरिहार्य कारणास्तव लीग पुढे ढकलण्यात येत आहे. सुधारित तारखा लवकरच कळवण्यात येतील.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी. पहिल्या मॅचला नऊ दिवस उरले होते. मी स्वयंपाकघरात उभा राहून दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी उकडलेली अंडी सोलत होतो. मेसेज वाचला, उरलेली चार अंडी सोलली आणि झोपलो. राग यायलासुद्धा दोन दिवस लागले, कारण हे तिसऱ्यांदा होत होतं.

राग थोडा निवल्यावर हे लिहायला बसलोय. कुणाला शिव्या घालायच्या नाहीत. नोकरीच्या नियमांमुळे स्वतःचं नाव देता येत नाही. लीगचंही नाव घेत नाही, कारण प्रश्न एकाच लीगचा असता तर मी फोन करून भांडलो असतो, चारचौघांत पत्र लिहिलं नसतं.

मी 32 वर्षांचा. उंची सहा फूट चार इंच, फॉरवर्ड खेळतो, डावा घोटा जरा अधू. मुंबई सेंट्रलच्या बीआयटी चाळीत वाढलो आणि नागपाडा नेबरहुड हाउसच्या कोर्टवर खेळ शिकलो. नागपाड्यानं या खेळाला काय दिलं ते तुम्हाला मी सांगायला नको. भारताचे कर्णधार, 1970 चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर याच वस्तीतले. आमच्या लहानपणी कोर्टच्या कडेला जुने खेळाडू बसलेले असायचे. लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन टाकलेला सोपा बॉल, चुकला की तिथून आवाज यायचा, “ए लंबू, हाथ में तेल लगा के आया क्या?” प्रॅक्टिस साडेपाचला म्हणजे साडेपाचला. पाच पस्तीसला आलेला पोरगा त्या दिवशी फक्त बॉल आणून द्यायच्या कामाचा. मी अकराव्या वर्षी घड्याळाला घाबरायला शिकलो ते तिथे.

आणि आपला खेळच घड्याळाचा. बॉल ताब्यात आला की 24 सेकंदांत रिंगवर टाकायचा. आठ सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडायचं. बाहेरून आत द्यायला पाच सेकंद. रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलात तर बॉल समोरच्यांना. दहा मिनिटांचा क्वार्टर, शेवटच्या मिनिटात तर सेकंदाचे दहा भाग करून मोजतात. असा खेळ चालवणारे आपण, आणि आपला कारभार ‘लवकरच कळवण्यात येईल’वर चालतो. या पत्रात बाकी पुष्कळ येईल, पण माझी मूळ तक्रार एवढीच आहे. आम्हाला तारीख मिळत नाही, आणि जे काही बिघडतं ते त्या एका जागेपासून बिघडत जातं.

तारखेचं एवढं काय, असं वाटेल. शरीर तारखेवर चालतं, साहेब. लीगच्या आधी आठ-दहा आठवडे आम्ही जिममध्ये ताकद कमावतो. मग वजनं कमी करून धावणं वाढवतो, शेवटच्या आठवड्यात दोन्ही कमी करतो, म्हणजे पहिल्या मॅचला पाय ताजे राहतात. एकदा मॅचेस सुरू झाल्या की काही कमावता येत नाही, असलेलं राखायचं असतं. हे सगळं मागून पुढे मोजलेलं असतं, मॅचच्या तारखेपासून आजपर्यंत. घरात दिवाळीचा फराळ करून डबे भरून ठेवावेत आणि कुणीतरी येऊन सांगावं की दिवाळी या वर्षी महिनाभर पुढे गेली, तसं होतं आमचं. चकल्या मऊ पडतात. पुन्हा भाजणी दळण्यापासून सुरुवात. विशीत हे चालून जातं. बत्तिसाव्या वर्षी वर्षातून दोनदा शरीर त्या टोकाला नेता येत नाही.

लोक विचारतात, तुम्ही प्रोफेशनल म्हणजे नक्की काय? अमेरिकेत एनबीएचा संघ नियमित हंगामात 82 मॅचेस खेळतो, ऑक्टोबर ते एप्रिल, आणि वेळापत्रक आधीच्या ऑगस्टमध्ये हातात असतं. त्यांची बरोबरी करायचा वेडेपणा मी करणार नाही. आपल्याकडचा प्रोफेशनल म्हणजे सकाळी सहाला कोर्टवर, दहा ते सहा सरकारी टेबलावर, संध्याकाळी पुन्हा कोर्टवर, आणि वर्षातून पाच-सहा आठवडे कुठल्यातरी लीगमध्ये. 2015 साली यूबीए ही लीग आली, मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज अशी नावं जर्सीवर दिसली, 2017 नंतर ती थांबली. 2022 च्या ऑक्टोबरात आयएनबीएल ही दुसरी लीग सुरू झाली, सहा शहरांचे संघ, त्यात मुंबई टायटन्स. या दोन्ही लीगनी आमच्या पिढीला टीव्हीवर आणलं, हे मान्यच करायला हवं. मी खाली जे सांगतोय ते या दोघींतलं नाही, छोट्या निमंत्रित लीगमधलं आहे. पण देशातले बहुतेक खेळाडू खेळतात ते याच छोट्या लीगमध्ये.

सीझन कसा असतो ते जरा जवळून बघा. सकाळी उठल्यावर बिछान्यापासून बाथरूमपर्यंतची पहिली दहा पावलं भिंतीला हात लावून टाकतो, कारण घोटा अजून झोपलेला असतो. रात्री मॅच झाली की बर्फ लागतो. हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करून दोन बादल्या बर्फ मागितला की वेटर हमखास विचारतो, “साहेब, पार्टी आहे का?” त्यातल्या एका बादलीत मी आणि एकीत माझा रूममेट, कोइमतूरचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, असे आम्ही पलंगाच्या दोन कडांना पाय बुडवून दातावर दात धरून बसतो. त्याला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, ‘आई गं’ मात्र आता तोही म्हणतो. मॅच साडेनवाला संपते, हॉटेलवर पोचेपर्यंत साडेदहा, किचन बंद. मग स्टेशनबाहेरची बुर्जी-पाव, नाहीतर पिशवीतली केळी. घोट्याची टेप मी स्वतःच्या पैशानं घेतो. एका मॅचला एका पायाला जवळजवळ अर्धा रोल जातो. ती ओढून काढताना पायाचे केसही येतात, त्यामुळे सीझनभर माझ्या पायांना गुडघ्याखाली मोज्याच्या मापाचं टक्कल असतं. बायको म्हणते, एवढ्यावरून मला कळतं तू कितव्या आठवड्यात आहेस.

यातल्या कशाचीही तक्रार नाही. हे आम्ही हौसेनं पत्करलंय. तक्रारी वेगळ्या आहेत, त्या आता क्रमानं सांगतो.

पहिली, प्रवासाची. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. तुमची तारीख येते बारा दिवस आधी, मग आमचं तिकीट आरएसी. ज्यांनी हे भोगलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, आरएसी म्हणजे बाजूचा खालचा बर्थ दोघांत अर्धा-अर्धा. मागच्या वर्षी त्या अर्ध्या बर्थवर मी, आणि समोर गुडघ्याला गुडघा लावून आमचाच सहा फूट सात इंचांचा सेंटर. चोवीस तासांवर प्रवास. पाय बाहेर काढले की चहावाल्याच्या वाटेत, आत घेतले की एकमेकांच्या पोटात. एक आजी येता-जाता आमच्याकडे बघून हसायच्या, शेवटी त्यांनीच आपला खालचा बर्थ रात्री चार तास आम्हाला दिला आणि स्वतः नातवाजवळ अवघडून झोपल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅच होती. हरलो. आजींचा बर्थ मिळाला नसता तर जास्त फरकानं हरलो असतो.

दुसरी, हॉलची आणि वेळेची. उशिरा ठरवलं की चांगले हॉल लग्नांना आणि प्रदर्शनांना गेलेले असतात. मग उरतो तो पत्र्याच्या छपराचा हॉल, मे महिन्यात. संध्याकाळी सहाची मॅच प्रक्षेपणासाठी अडीचला आणली. आत एवढा दमट उकाडा की फरशीवर घामाचे थेंब दिसत होते, आणि पुसायला एक मुलगा, त्याच्या हातात एक पोचा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा खेळाडू, घसरला. 23 वर्षांचा, मराठवाड्यातला, घरातला पहिला पगारदार होऊ पाहणारा पोरगा. गुडघ्यातून आलेला आवाज मी बेंचवर ऐकला. लिगामेंट तुटलं होतं.

विमा? ‘कागदपत्रं प्रोसेसमध्ये होती.’ सगळं घाईत ठरल्यामुळे पॉलिसी काढायची राहून गेली, असं नंतर कळलं. ऑपरेशनचा खर्च आम्ही दोन्ही टीमच्या खेळाडूंनी वर्गणी काढून आणि त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकून भागवला. वर्गणीच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा समोरच्या टीमच्या कॅप्टनचा होता. आयोजकांच्या वतीनं एक गुच्छ आला. पोरगा अजून चालतो तो जिना उतरताना कठड्याला धरून, आणि खेळाडू कोट्यातल्या नोकरीची चाचणी त्याच्या हातून गेली. मी बाकीच्या सगळ्या गोष्टी विसरायला तयार आहे, ही नाही.

तिसरी गोष्ट पैशांची, ती थोडक्यात. करार दोन पानांचा, रक्कम तीन हप्त्यांत. पहिला हप्ता आला. दुसरा आठ महिन्यांनी आला. तिसऱ्याची मी वाट बघत नाही. पण दोन्ही हप्त्यांतून टीडीएस कापला होता, आणि तो माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीत, कुठेच दिसत नाही. म्हणजे माझे पैसे माझ्याकडे नाहीत, सरकारकडेही नाहीत. ते कुठे आहेत ते सांगायला आयोजकांचा फोन लागत नाही.

चौथी, रजेची, आणि ही फक्त नोकरदार खेळाडूंना कळेल. मान्यताप्राप्त राष्ट्रीय स्पर्धेला आम्हाला विशेष रजा मिळते. लीगला नाही मिळत, तिथे हक्काची रजा घालवायची. यंदा मी साहेबांच्या पाया पडायचा बाकी राहून पाच आठवडे मंजूर करून घेतले होते. लीग पुढे गेल्यावर तोच अर्ज मागे घ्यायला गेलो. साहेब चांगले आहेत, काही बोलले नाहीत. शेजारच्या टेबलावरून मात्र आलंच, “काय राव, तुमचा वर्ल्ड कप रद्द झाला वाटतं?” आता म्हणे नवीन तारखा आंतरविभागीय स्पर्धेच्या आठवड्यात येणार आहेत. तिथे नाही गेलो तर नोकरी दिलेल्या खात्याशी बेइमानी, इथे नाही आलो तर करार मोडला. माझ्याच ऑफिसात एक कबड्डीवाला आहे. कबड्डीत सगळं आलबेल आहे असं नाही, पण 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून त्याच्या बोलण्यात ‘यंदाचा लिलाव’, ‘यंदाचा कॅम्प’ असे शब्द असतात. माझ्या बोलण्यात ‘बघू’.

माझी बायकोही खेळते. 2017 मध्ये बंगळुरूला भारताच्या मुलींच्या संघानं अंतिम सामन्यात कझाकस्तानला हरवून आशिया चषकाचा ‘ब’ गट जिंकला आणि तो वरच्या गटात गेला. त्या रात्री आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले होते. तिला निदान ‘लीग पुढे ढकलली’ असा मेसेज तरी यावा, अशी माझी फार इच्छा आहे. मुलींच्या लीगबद्दल विचारलं की उत्तर येतं, ‘विचाराधीन आहे.’ पुढे ढकलायलाही आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं. हे वाक्य तिचं आहे, मी उसनं घेतलंय.

खेळाडूंची कुवत नाही म्हणून प्रेक्षक नाहीत, प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून तारखा नाहीत, हे मी पंधरा वर्षं ऐकतोय. 2014 मध्ये वुहानला चीनच्या घरात जाऊन भारतानं चीनला 65-58 असं हरवलं, ते काय आपोआप झालं? 2015 मध्ये सतनाम सिंगची एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 52 व्या क्रमांकावर निवड झाली. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे पेसर्स आणि किंग्ज हे संघ दोन मॅचेस खेळून गेले, पहिली ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटनं सुटली. तिथून दोन-तीन किलोमीटरवर नागपाड्याच्या कोर्टवर त्या आठवडाभर संध्याकाळी बॉल मिळेना, एवढी पोरं. पुढच्या सीझनला ती पोरं कुठे न्यायची, कुठली लीग दाखवायची, कधी दाखवायची, हे कुणालाच सांगता आलं नाही. प्रेक्षकालाही तारीख लागते हो.

माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. मी शाळेकडून पहिली मॅच खेळलो तेव्हापासून त्यांनी एक वही ठेवली आहे. तारीख, ठिकाण, कोण विरुद्ध कोण, स्कोअर, माझे पॉइंट. रकाने पट्टीनं आखलेले, अक्षर वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, असायचं तसं बारीक. मॅच ठरली की ते तारीख आधीच लिहून ठेवतात, बाकीचे रकाने मॅचनंतर भरतात. परवा सहज वही उघडली. या वर्षीच्या पानावर तीन तारखा आहेत, तिन्हींवर पट्टी धरून सरळ काट मारलेली. चौथी लिहिलेली नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, “आता पेन्सिलीनं लिहीन म्हणतो.”

2025 मध्ये आयएसएलचा हंगाम अधांतरी लटकला तेव्हा देशातले नामवंत फुटबॉलपटू एकत्र आले आणि आम्हाला खेळायचंय, असं जाहीर निवेदन त्यांनी काढलं. त्यांचं नाव मोठं, बातमी झाली. आम्ही मागतोय ते तेवढंच आहे, आवाज लहान आहे.

तर मागण्या.

दरवर्षी 1 जूनपर्यंत पुढच्या बारा महिन्यांचं एकत्र कॅलेंडर जाहीर करा. राष्ट्रीय स्पर्धा, आंतरविभागीय स्पर्धा आणि सगळ्या मान्यताप्राप्त लीग, मुलामुलींच्या दोन्ही, एकाच पानावर. ज्या लीगला यात तारीख घेता येत नाही तिला त्या वर्षी मान्यता देऊ नका. एक लीग कमी झाली तरी चालेल.

लीग पुढे ढकलायची असेल तर 45 दिवस आधी कळवा. त्यानंतर ढकललीत तर कराराच्या रकमेचा चौथा हिस्सा खेळाडूला द्या. हे वाचून कपाळाला आठ्या पडतील, पण आम्ही मॅचला उशिरा आलो तर आमचा दंड कापतातच.

विमा पॉलिसीचा नंबर कराराच्या पहिल्या पानावर हवा. नंबर नसेल तर रेफरीनं मॅच सुरू करू नये, असा नियमच करा. यावर चर्चा नको.

एप्रिल ते जून बिगर एसी हॉलमध्ये संध्याकाळी पाचच्या आधी मॅच नको. फरशी पुसायला चार माणसं ठेवा, पोचे कोरडे ठेवा.

पैशांचं म्हणाल तर निम्मी रक्कम पहिल्या मॅचआधी खात्यात जमा व्हावी, उरलेली लीग संपल्यापासून 60 दिवसांत. आणि कापलेला कर भरा.

तारखा ठरवणाऱ्या समितीत खेळत असलेले दोन खेळाडू घ्या, त्यातली एक मुलगी. मानधन नको. बैठक संध्याकाळी साडेसातनंतर ठेवा, त्याआधी आम्ही कोर्टवर असतो.

उत्तर जाहीर द्या, ग्रुपवर नको. हात जोडलेले इमोजी नसले तरी चालतील. सोमवारपासून मी पुन्हा जिमला जायला लागलोय, आठवडा पहिला.

आपला,
जर्सी नंबर 11,
मुंबई सेंट्रल

ता. क. : टीडीएसच्या सर्टिफिकेटसाठी लागेल म्हणून पॅनची झेरॉक्स तुम्हाला चार वेळा पाठवली आहे. पाचवी हवी असल्यास कळवावे.